चार नावांचे गाव

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्याचा धबधबा पाहिला नाही असे सांगितले, की पुण्यातले लोक त्याच्याकडे पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहता परतलेल्या वारकऱ्याकडे पाहावे तसे पाहतात. परत आल्यापासून ही नजर मी पुष्कळ सोसली आहे.

“मग दीड महिना होतात तरी कुठे?”

“अथेन्सला.”

“म्हणजे ग्रीसला?”

“नाही हो, जॉर्जियातल्या.”

“अस्सं! रशियाच्या शेजारच्या!”

इथवर आले की मी “अटलांट्याजवळ” असे म्हणून सुटका करून घेतो. पण खरे सांगायचे तर अथेन्स हे गाव मला कोणाच्या जवळ म्हणून सांगावेसे वाटत नाही. त्या गावाने माझे एक जुने देणे मला दाखवून दिले. धबधब्यापाशी ते झाले नसते.

माझा भाचा तिथल्या विद्यापीठात शिकायला म्हणून गेला आणि ग्रंथालयात नोकरी धरून तिथेच राहिला. २०२४ च्या एप्रिलात त्याच्या आग्रहाला मान देऊन आम्ही दोघे जाऊन थडकलो. अटलांट्याहून सुमारे ७० मैलांचा रस्ता. दोन्ही बाजूंना पाइनची रांग आणि मध्येच डॉगवुडची झाडे, पांढऱ्या फुलांनी अशी भरलेली की कोणी खादीचे धुणे वाळत घातले आहे असे वाटावे. आणि माती तांबडीलाल! “अहो, ही तर आमच्या राजापूरची माती!” असे सौ. मोटारीतच ओरडली, आणि तिला परदेश जो तिथे परका वाटायचा थांबला तो थांबलाच.

गाव सव्वा लाख वस्तीचे. १७८५ साली सनद मिळालेले विद्यापीठ हाच त्याचा प्राण. विद्येचे माहेरघर व्हावे म्हणून गावाला प्लेटोच्या नगरीचे नाव दिले. आपल्याकडे ‘विद्येचे माहेरघर’ म्हटले की ज्या गावाची आठवण होते, त्या गावच्या माणसाला हे सारे ओळखीचेच वाटणार. विद्यापीठाच्या दारात लोखंडी कमान आहे. पदवी मिळण्यापूर्वी जो विद्यार्थी तिच्याखालून जाईल त्याला पदवीच मिळणार नाही असा समज आहे. सौ. बी. ए. असल्यामुळे ती ताठ मानेने कमानीखालून गेली. मीही बी. कॉम. आहे, परंतु पहिली दोन वर्षे दोनदोनदा केलेली असल्यामुळे मी उगीचच कडेने गेलो.

भाच्याने पहिल्याच दिवशी गावातली दोन नवले दाखवली. पहिले म्हणजे नगरमंदिरासमोरची दोन नळ्यांची तोफ. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६२ साली, ती ओतली. कल्पना अशी की दोन्ही नळ्यांत एकेक गोळा घालायचा, गोळे साखळीने जोडायचे, दोन्ही नळ्या एकाच क्षणी उडवायच्या आणि मधल्या साखळीने शत्रूची फळी गवतासारखी कापून काढायची. चाचणीच्या दिवशी दोन नळ्या काही एका क्षणी उडाल्या नाहीत. गोळे एकमेकांना ओढत भलतीकडेच गेले आणि साखळी तुटली. तोफ लढाईत निरुपयोगी ठरली, पण गावाने ती टाकून दिली नाही. अजून ती उत्तरेकडे तोंड करून उभी आहे.

दुसरे नवल म्हणजे स्वतःच्या मालकीचे झाड. एका चढाच्या रस्त्यावर, चौथऱ्यात जपलेला ओक. कोणे एके काळी तिथल्या कर्नलसाहेबाने त्या झाडावरच्या लोभाने ते झाड आणि त्याच्या भोवतालची आठ फूट जमीन त्या झाडालाच देऊन टाकली, अशी कथा आहे. मूळ वृक्ष १९४२ साली पडला. १९४६ साली त्याच्याच बीजापासून वाढवलेले रोप तिथे लावले. कायद्याने झाडाला मालकी मिळत नाही. पण गावाने ती मान्य केली आहे आणि गावाने मान्य केल्यावर कायद्याला विचारतो कोण?

तोफ पाहून मला का कोण जाणे आमच्या वाद्यवृंदाची आठवण झाली. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी एक वाद्यवृंद काढला होता. त्याचे नाव इथे सांगत नाही. तो जाऊन चाळीस वर्षे झाली, आणि गेलेल्याचे नाव दिवाळीच्या दिवसांत काढू नये. पेटीवर मी, एक तबलजी, एक गाणारा आणि एक मॅन्डोलिनवाला. सात वर्षे गणपतीच्या मांडवांतून आम्ही वाजवले. मग तो मोडला. का मोडला असे कोणी विचारले तर मी इतकी वर्षे एकच उत्तर देत आलो : “मॅन्डोलिनवाल्याचा स्वभाव तिरसट.” असो.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाचा म्हणाला, “मामा, आज तुम्हांला आमच्या गावचं देऊळ दाखवतो.”

सौ.ने सवयीने डोक्यावर पदर घेतला. ओकोनी नावाच्या रस्त्यावर मोटार थांबली. समोर घरांच्या दाटीत एकच जुना, टोकदार मनोरा उभा होता. त्याला देऊळ नव्हते. नुसता कळस, खाली गाभारा नाही.

“देऊळ कुठाय रे?”

“पाडलं. १९९० साली. इथं सेंट मेरीचं चर्च होतं. ते बंद पडल्यावर आत लोक भाड्यानं राहायचे. मग घरं बांधायला पाडलं, मनोरा तेवढा ठेवला. ५ एप्रिल १९८० ला इथं एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला चार पोरं पहिल्यांदा वाजवायला उभी राहिली. त्या दिवशी त्यांना नावसुद्धा नव्हतं.”

नाव पुढे शब्दकोश उघडून सापडले : आर. ई. एम. झोपेत मिटल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरतात आणि तेव्हा माणसाला स्वप्ने पडतात, त्या अवस्थेच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे.

त्या चौघांची कुळकथा मध्यमवर्गीय आईबापांनी पोराबाळांसमोर वाचू नये अशी आहे. चौघेही विद्यापीठाचे विद्यार्थी, आणि चौघांनीही शिक्षण अर्धवट सोडले. पीटर बक हा गावातल्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. मायकेल स्टाइप हा चित्रकलेचा विद्यार्थी तिथे गिऱ्हाईक म्हणून येई. बकने स्वतःसाठी म्हणून बाजूला काढून ठेवलेल्या रेकॉर्डी नेमक्या तोच उचली. अशी मैत्री जमली. बक गिटार वाजवी, स्टाइप गाई. बिल बेरी आणि माइक मिल्स हे दोघे मेकन गावातल्या शाळेपासूनचे सोबती. प्रथम त्यांचे मुळीच पटत नसे, पण बेरीला ढोल आणि मिल्सला बास गिटार वाजवायची असल्यामुळे गाण्याने त्यांना एकमेकांच्या गळ्यात बांधले. ढोल आणि बास म्हणजे त्या संगीतातले तबला-डग्गाच. एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही.

“हे रॉक म्हणजे ते किंचाळण्याचं ना रे?” सौ.ने विचारले.

“मामी, यांचं तसलं नाही. याला ऑल्टर्नेटिव्ह म्हणतात.”

ऑल्टर्नेटिव्ह म्हणजे पर्यायी. मोठ्या कंपन्या आणि मोठी रेडिओ केंद्रे जे गाणे लोकांच्या माथी मारीत, त्याहून वेगळ्या वाटेचे ते गाणे. ते वाजायचे विद्यार्थ्यांनी चालवलेल्या कॉलेजच्या रेडिओवर, ते निघायचे लहान, स्वतंत्र कंपन्यांकडून, आणि ते गावोगाव जायचे वाजवणाऱ्यांच्या गाडीतून. आर. ई. एम. ची पहिली रेकॉर्ड, ‘रेडिओ फ्री युरोप’, १९८१ साली अटलांट्याच्या अशाच एका चिमुकल्या कंपनीने काढली. मग त्यांनी व्हॅनमध्ये सामान भरले आणि दक्षिणेतले गाव अन् गाव पालथे घातले. शंभर श्रोत्यांपुढे वाजवायचे, दहांपुढेही वाजवायचे, मिळेल तिथे पथारी टाकायची. आपल्या तमाशाच्या फडांना आणि जुन्या नाटक मंडळ्यांना हे सारे तोंडपाठ असते. फरक इतकाच की या व्हॅनमध्ये मालक नव्हता.

१९८२ साली आय. आर. एस. या स्वतंत्र कंपनीने त्यांना घेतले आणि १९८३ च्या एप्रिलात त्यांचा ‘मर्मर’ हा पहिला मोठा संग्रह निघाला. मर्मर म्हणजे पुटपुटणे, आणि नाव अगदी सार्थ. स्टाइप असा काही गाई की शब्द नीट कळू नयेत. कळावे म्हणून ऐकणारा पुनःपुन्हा ऐके आणि प्रत्येक जण आपापले शब्द लावी. त्या वर्षी जगभर मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चा डंका वाजत होता. पण ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकांनी वर्षाचा सर्वोत्तम संग्रह म्हणून निवडला तो अथेन्सच्या या पुटपुटणाऱ्यांचा.

त्या संग्रहाच्या वेष्टनावरची चित्रे आम्ही प्रत्यक्षात पाहिली. पुढच्या बाजूला आहे कुडझूचे रान. कुडझू हा जपानकडचा वेल. जमिनीची धूप थांबावी म्हणून १९३० नंतरच्या दशकात सरकारनेच तो दक्षिणेत लावायला उत्तेजन दिले. त्याने धूप थांबवली की नाही ठाऊक नाही, पण झाडे, खांब, पडकी घरे सारी गिळून टाकली. आम्ही गेलो तेव्हा त्या वेलाच्या नुसत्या वाळक्या दोऱ्या लोंबत होत्या. “आमच्या बांधावरची घाणेरी अशीच,” सौ. म्हणाली. मागच्या बाजूला आहे ओढ्यावरचा जुना लाकडी रेल्वेपूल. आता तिथे तशाच घडणीचा, पायी जाणाऱ्यांसाठीचा पूल आहे. वर म्हातारे फिरत होते आणि खाली दोन-चार तरुण पुलाचे फोटो घेत होते. “ते लांबून आलेत,” भाचा म्हणाला, “इथं असे येतच असतात.” पुलाचे दर्शन घ्यायला लांबून येणारे लोक मी प्रथमच पाहिले. पण आळंदीची भिंत पाहायला आपण जातोच की!

दुपारी भाचा आम्हांला त्या रेकॉर्डच्या दुकानात घेऊन गेला. वक्स्ट्री त्याचे नाव. कॉलेज ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचे, जुन्या रद्दीच्या दुकानाचा उबट वास असलेले, जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डींनी भरलेले ते दुकान पाहून मला लक्ष्मी रोडवरचे माझे तरुणपण आठवले. भाच्याने एक खण चाळून ‘मर्मर’ची प्रत काढली आणि माझ्या हाती दिली. मी सवयीने उलटी करून बारीक अक्षर वाचू लागलो. रेकॉर्डीवर संगीतकाराचे नाव शोधायचे ही माझी जुनी खोड.

“यातलं संगीत कोणाचं रे?”

“चौघांचं.”

“ते कळलं. पण चाल बांधली कोणी? शब्द कोणाचे?”

“मामा, तेच तर ते कधी सांगत नाहीत. प्रत्येक गाण्याखाली चारच नावं. बेरी, बक, मिल्स, स्टाइप. अकारविल्हे. चाल कोणी का सुचवेना, शब्द कोणी का लिहिना, नावं चार आणि पैशाचे भागही चार सारखे. आणि कुठलीही गोष्ट ठरवायची तर चौघांचा होकार लागतो. एक जण नाही म्हणाला की नाही.”

ढोलवाल्याला गाणाऱ्याइतकाच वाटा! मी ती रेकॉर्ड हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. सौ. माझ्याकडे पाहत होती. तिला सारे ठाऊक होते, आणि एकेचाळीस वर्षे तिने ते बोलून दाखवले नव्हते.

वाचकहो, आता तुम्हांलाही सांगतो. १९८३ च्या गणेशोत्सवात आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. तिकीट लावून, छापील हस्तपत्रक काढून. गाणी नवी, आमची स्वतःची. त्यांतली निम्मी मॅन्डोलिनवाल्याच्या बोटांतून निघाली होती. ठेके तबलजीने सुचवलेले होते. गाणाऱ्याने कित्येक ओळी फिरवून घेतल्या होत्या. मी पेटीवर सूर धरून ते सारे वहीत उतरून घेत असे. हस्तपत्रकाचा मजकूर छापखान्यात द्यायला मी गेलो. कंपोझिटर म्हणाला, “चार नावं एका ओळीत बसत नाहीत.” मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, “मग एकच घाला.” ‘संगीत’ या शब्दापुढे माझे नाव छापून आले. ठळक टाइपात.

कार्यक्रम झाला. टाळ्या पडल्या. मॅन्डोलिनवाल्याने वाद्य पेटीत ठेवले, हस्तपत्रकाची चौकोनी घडी करून वरच्या खिशात घातली आणि “येतो” म्हणून गेला. तो आलाच नाही. महिन्याभरात वृंद संपला. २०१६ साली तबलजी वारला तेव्हा वैकुंठात आम्ही दोघे दोन टोकांना उभे होतो. तेव्हाही मी मनात म्हणालो, काय हा तिरसट स्वभाव!

त्या दिवशी जेवायला वीव्हर डीज नावाच्या खानावळीत गेलो. टेकाडाखालचे साधेसे ठिकाण. कोंबडी खाणाऱ्यांनी भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथली कोंबडी चुकवू नये, शाकाहाऱ्यांनी मक्याच्या पावावर समाधान मानावे. मालक डेक्स्टर वीव्हर यांच्या या खानावळीचे ब्रीद पाटीवर लिहिलेले आहे : ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’. गिऱ्हाइकाने काही मागितले की ‘ऑटोमॅटिक!’ असे उत्तर यायचे. म्हणजे सांगायचा अवकाश, हजर! आर. ई. एम. ने १९९२ साली आपल्या संग्रहाला हेच नाव दिले, वीव्हर यांची परवानगी घेऊन. त्या वेळी ते जगातल्या सर्वांत मोठ्या वृंदांपैकी एक झाले होते. १९८७ साली त्यांचे गाणे पहिल्यांदा अमेरिकेच्या पहिल्या दहांत आले, १९८८ साली ते स्वतंत्र कंपनी सोडून वॉर्नर या बड्या कंपनीकडे गेले. ज्यांनी त्यांना व्हॅनपासून ओळखले होते त्यांतले काही हळहळले, पोर मोठ्या घरी दत्तक गेले म्हणून. पण कचेरी राहिली अथेन्समध्येच, आणि नावे राहिली चारच.

१९९१ साली तर कमाल झाली. पीटर बकने एक मॅन्डोलिन विकत घेतले होते आणि टेलिव्हिजन पाहता पाहता तो ते शिकत बसे. त्या चाळ्यातून एक सुरावट निघाली, आणि तिच्यावर ‘लूझिंग माय रिलिजन’ हे गाणे उभे राहिले. ढोलताशांच्या त्या जगात मॅन्डोलिनसारख्या किरकोळ वाद्यावर बांधलेले, धड धृपद नसलेले गाणे चालेल असे कंपनीलाही वाटले नव्हते. ते पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र वाजले. भाच्याने ते खानावळीतून परतताना मोटारीत लावले. मॅन्डोलिनची ती पहिली टणत्कारी ओळ ऐकली आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

“पुढं काय झालं?” सौ.ने विचारले. “भांडले?”

बायकांना गोष्टीचा शेवट आधी हवा असतो असे म्हणतात; पण तिने तो माझ्यासाठी विचारला, हे मला कळले.

त्यांची गोष्ट अशी. १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात कार्यक्रम चालू असताना ढोल वाजवणाऱ्या बेरीचे डोके असह्य दुखू लागले. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती. शस्त्रक्रिया झाली, नशिबाने तो वाचला, आणि दोन-अडीच महिन्यांत दौऱ्यावर परतलाही. पुढच्या वर्षी वॉर्नर कंपनीने चौघांशी नवा करार केला; तो ८ कोटी डॉलरचा असल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. आणि १९९७ साली बेरी म्हणाला, मला पुरे झाले. पण एक अट त्याने घातली : मी गेल्याने वृंद मोडणार असेल तर मी जात नाही. तिघांनी वृंद चालू ठेवण्याचे कबूल केले, तेव्हा तो गेला आणि अथेन्सजवळच्या आपल्या शेतावर गवत पिकवू लागला. तीन पायांचा कुत्रा हादेखील कुत्राच, फक्त त्याला वेगळे धावायला शिकावे लागते, अशा अर्थाचे काहीसे स्टाइप तेव्हा बोलून गेला.

तीन पायांवर ते आणखी चौदा वर्षे धावले. धाव पहिल्यासारखी राहिली नव्हती. २००४ साली आलेला संग्रह लोकांना निस्तेज वाटला. बकनेही तो आवडला नसल्याचे लपवले नाही. मग त्यांनी पुन्हा कंबर कसून दोन चांगले संग्रह केले, नोव्हेंबर २००८ मध्ये मेक्सिको सिटीत शेवटचा मोठा कार्यक्रम केला, आणि २१ सप्टेंबर २०११ रोजी चार ओळींचे निवेदन काढून आपला वृंद विसर्जित केला. एकतीस वर्षे, पंधरा संग्रह. खटला नाही, वर्तमानपत्रातून चिखलफेक नाही, पैशासाठी पुन्हा जुळवाजुळव नाही. समारंभातून केव्हा उठावे हे कळण्यातच शहाणपण आहे, अशा अर्थाचे शब्द स्टाइपने त्या दिवशी उद्धृत केले.

“म्हणजे गणपती बसवावा आणि अनंत चतुर्दशीला वाजतगाजत पोचवावा, तसं,” सौ. म्हणाली. “नाहीतर कित्येकांचा फुटतोच.”

मी गप्प होतो. इतकी वर्षे माझी समजूत अशी की माणसे एकत्र असतात ती गुणांमुळे आणि फुटतात ती स्वभावांमुळे. या चौघांचे स्वभाव काही एकमेकांना धरून नव्हते; त्यांची भांडणेही झाली, आणि १९९८ साली तर प्रकरण अगदी हातघाईवर आले होते, असे त्यांनीच सांगितले आहे. पण भांडायला त्यांच्यापाशी मुद्दाच एक कमी होता. नावाचा. तो त्यांनी कोवळ्या वयात, खिशात दमडी नसताना मिटवून टाकला होता. कीर्ती आल्यावर वाटणी करायला बसले असते तर कोणाच्या वाट्याला किती हे ठरवता ठरवता साखळी तुटलीच असती. त्या तोफेसारखी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा एकटाच त्या मनोऱ्यापाशी गेलो. शेजारीच न्युचीज स्पेस नावाची संस्था आहे. वादनाच्या वेडात असलेला आपला तरुण मुलगा मनाच्या आजाराने गेला, तेव्हा त्याच्या आईने २००० साली ती गावातल्या वादकांसाठी उघडली. तिथे तालमीच्या खोल्या मिळतात आणि ज्याचे मन ठिकाणावर नाही त्याला उपचाराची वाट दाखवली जाते. आतून एका तालमीचा आवाज येत होता. पोरे एकच तुकडा पुनःपुन्हा वाजवीत होती, दर वेळी त्याच जागी चुकत होती आणि हसत होती. ती हसण्याची जागा मला ओळखीची वाटली. आम्हीही असेच हसत होतो.

मे महिन्यात आम्ही परत आलो. जूनच्या मध्यावर भाच्याने मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. १३ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये गीतकारांच्या मानाच्या मंडळात आर. ई. एम. चा समावेश झाला, चौघांचा मिळून, आणि त्या समारंभात कोणालाही अगोदर न सांगता चौघे उठून व्यासपीठावर गेले. शेतावरचा बेरीसुद्धा. एकच गाणे वाजवले, तेच मॅन्डोलिनचे. केस पांढरे, पोटे सुटलेली. वाजवून झाल्यावर एकमेकांकडे पाहून हसले आणि खाली आले. पुन्हा एकत्र येणार का असे विचारल्यावर मिल्सने म्हणे सांगितले की त्याला धूमकेतूच यावा लागेल.

ती चित्रफीत मी तीनदा पाहिली. मग माळ्यावरची ट्रंक काढली. तळाशी पिवळे पडलेले ते हस्तपत्रक होते. शाईच्या पेनने ‘संगीत’ या शब्दापुढच्या माझ्या नावावर रेघ मारली आणि खाली चार नावे लिहिली, अकारविल्हे. माझे तिसरे आले. चारही एका ओळीत बसली. अक्षर जरा लहान काढावे लागले, इतकेच.

मॅन्डोलिनवाला कोथरूडला राहतो, हे मला पंधरा वर्षे ठाऊक होते. दार त्यानेच उघडले. दोघेही क्षणभर एकमेकांच्या म्हातारपणाकडे पाहत राहिलो. मी काही न बोलता कागद पुढे केला. त्याने चष्मा शोधला, लावला, कागद खिडकीपाशी नेऊन वाचला.

“मुद्रणदोष दुरुस्त करायला फार दिवस लावलेस,” तो म्हणाला.

मग चहा झाला. मी त्याला अथेन्सची सारी हकिगत सांगितली. तोफेची, झाडाची, मनोऱ्याची. मोबाईलवर ते गाणेही दाखवले. तो बकच्या बोटांकडे टक लावून पाहत होता. गाणे संपल्यावर त्याने विचारले, “हे चौघेही आहेत ना?”

“आहेत.”

“नशीबवान आहेत,” तो म्हणाला. आम्ही दोघेही तबलजीविषयी बोललो नाही. पण बराच वेळ कोणी चहाच्या कपाला हात लावला नाही.

निघताना त्याने कपाटावरून मॅन्डोलिनची पेटी खाली काढली. आठांपैकी पाच तारा गेल्या होत्या, उरलेल्या तिनांवर गंज. “वाजवत नाही आता. बोटं वळत नाहीत,” असे म्हणून त्याने ती पुन्हा झाकली आणि मला जिन्यापर्यंत पोचवायला आला. मी दोन पायऱ्या उतरलो तेव्हा वरून आवाज आला :

“शहरात जाशील तेव्हा तारांचा एक संच बघ मिळाला तर. गाणाऱ्यालाही फोन कर. त्याचा नंबर माझ्याकडे आहे.”

दुसऱ्या दिवशी मी तारा घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, मॅन्डोलिन आता कोण वाजवतो हो? मी एकाऐवजी दोन संच घेतले.